फुलंब्रीहून आर्क्टिकला, मुलांसह

फुलंब्री सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, तर आर्क्टिक वृत्त ६६.५ अंशांवर. मुलांना तिथे जरूर न्या. तयारी मात्र सहा महिने आधी सुरू करा.

■ कोणती सुट्टी? नॉर्वेतील ट्रोम्सो येथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. उन्हाळी सुट्टीत मध्यरात्रीचा सूर्य दिसेल, ध्रुवीय प्रकाश नाही. त्यासाठी दिवाळीची सुट्टी निवडा आणि आकाश ढगाळ राहू शकते, म्हणून तीन-चार रात्री हाताशी ठेवा.

■ कागदपत्रे : लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते, ती तपासा. नॉर्वे, फिनलंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. सहा वर्षांखालील मुलांना व्हिसाशुल्क नाही. बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा हवा.

■ कपडे : आत लोकरी, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. सुती बनियन नको. घामाने ओले झाले की अंग गार पडते. स्लेजवर बसून राहिलेले मूल चालणाऱ्या मोठ्यांपेक्षा लवकर गारठते.

■ खाऊ : तूप, पेढे, खवा नेता येत नाही. मेतकूट, थालीपिठाची भाजणी न्या.

■ स्वालबार्ड : नॉर्वेचा हा द्वीपसमूह शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे दोनदा प्रवेशाचा व्हिसा घ्या. इथल्या न्यू-ऑलेसुंडमध्ये २००८पासून भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.