भावना कशी जन्मते?

समजा, रायपूरमधील एखाद्या परीक्षा केंद्रात तुम्ही बसला आहात. शाळा सुटून बरीच वर्षे लोटली आहेत. प्रश्नपत्रिका हाती पडताच छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, घशाला कोरड पडते. आपण म्हणतो, ‘भीती वाटली, म्हणून छाती धडधडली.’ पण हा क्रम खरा आहे काय?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये नेमका उलटा क्रम मांडला. त्यांच्या मते आधी शरीरात बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना. डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनीही १८८५ मध्ये स्वतंत्रपणे असाच विचार मांडला. म्हणून यास जेम्स-लांगे सिद्धान्त म्हणतात.

वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. भीतीने छाती धडधडते, तशीच ती रागानेही धडधडते. मग केवळ धडधडीवरून भावना कशी ओळखावी? शारीरिक बदल आणि भावनेचा अनुभव हे दोन्ही मेंदूच्या प्रेरणेने एकाच वेळी सुरू होतात, असे त्यांनी प्रतिपादन केले.

१९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर यांनी तिसरा विचार पुढे आणला. शरीरातील खळबळ आणि प्रसंग पाहून आपण तिचा लावलेला अर्थ, या दोहोंतून भावना घडते. त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष पुढील संशोधकांना जसेच्या तसे आढळले नाहीत. तथापि अर्थ लावण्याचे महत्त्व आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

शरीर आणि मन यांचे हे नाते आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त घाम, रोमांच, कंप असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. अर्थात, तेथील विवेचन नाट्यातील रसाविषयीचे आहे. मराठीत के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्श’ या ग्रंथात रसविचाराची आधुनिक मानसशास्त्राच्या दृष्टीने चिकित्सा केली.

आता पुन्हा परीक्षेच्या बाकावर येऊ. ‘मला काहीच येत नाही’ असा त्या धडधडीचा अर्थ लावला, तर भीती वाढते. ‘शरीर कामासाठी सज्ज होत आहे’ असा लावला, तर मन सावरते. एवढ्याने उत्तरे सुचतील असे नाही; त्यासाठी अभ्यासच हवा. परंतु केलेला अभ्यास भीतीपोटी वाया जाऊ नये, यासाठी हे ज्ञान निश्चित उपयोगी पडेल.