बॅटरी घेतली का?

आमच्या आजोळी, जुन्नर तालुक्यात, टॉर्चला कुणी टॉर्च म्हणत नाही. विजेरी हा शब्द तर शाळेच्या पुस्तकातच राहिला. तिथे तिचं नाव एकच, ‘बॅटरी’. अंधारात कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की आतून हाक येते, “बॅटरी घेतली का रं?” शहरात चार बुकं शिकून आल्यावर मी एकदा मामांना सुधारायला गेलो होतो. म्हटलं, मामा, बॅटरी म्हणजे आतले सेल, याला टॉर्च म्हणायचं. मामा म्हणाले, “आतला सेल मेल्यावर तुझ्या टॉर्चचं काय करायचं? दगड म्हणून फेकायचा?”

मामांचंच बरोबर होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. टॉर्च घेताना आपण काच पाहतो, दिवा पाहतो, खोक्यावरचा आकडा पाहतो. सेलकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

मामांना बॅटरी हौसेखातर लागत नाही. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रपाळी आली की दोन वाजता उठून कांद्याची दारं धरायला जायचं. सरीत मण्यार किंवा घोणस असू शकते आणि शेजारच्या उसात बिबट्या. अशा माणसाने आठवडे बाजारातून एक चार्जिंगची बॅटरी आणली. विकणारा म्हणाला होता, “तीन किलोमीटर फोकस जातोय, मालक.” पहिले दोन महिने ती झकास चालली. मग पावसाळ्यात दोन महिने खुंटीला लटकून राहिली आणि दिवाळीत काढली तर रात्रभर चार्ज करूनही दहा मिनिटांत मान टाकू लागली.

मी ती उघडली. आत काळ्या डब्यात चार व्होल्टची छोटी शिसे-आम्ल बॅटरी होती, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीची धाकटी बहीण. तिची खोड अशी की रिकाम्या अवस्थेत पडून राहिली तर आतल्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही. म्हणजे जी वस्तू अडीअडचणीसाठी कपाटात ठेवायची, तिच्यातच पडून राहिली की मरणारी बॅटरी. याहून वाईट गोष्ट शेजारी होती. चार्जिंगसाठी ट्रान्सफॉर्मर नव्हताच. २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून थेट आत घेतलेले. अशी बॅटरी प्लगला असताना तिच्या आतला प्रत्येक सांधा मेनलाइनला जोडलेला असतो आणि प्लगमधून काढल्यावरही पिना कधीकधी झटका देतात. ओल्या हाताने, अनवाणी, गोठ्यात उभं राहून ती प्लगमधून उपसणाऱ्या माणसाचा विचार करा. अशी बॅटरी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग घ्यायचं काय? त्यासाठी थोडा हिशेब करू. आज चांगल्या टॉर्चमध्ये सर्रास असतो तो १८६५० नावाचा लिथियम सेल. नावातच त्याचं माप आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सेल ओळीने बसवलेले असायचे. २,६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल ३.६ व्होल्टला साधारण साडेनऊ वॉट-तास ऊर्जा देतो. ल्युमेन हे उजेडाचं माप; बरा एलईडी एका वॉटमधून १०० च्या आसपास ल्युमेन काढतो. म्हणजे सगळा साठा झाला सुमारे साडेनऊशे ल्युमेन-तास. शंभर ल्युमेनने चालवलात तर नऊ तास, तीनशेने तीन तास. विहिरीत पाणी ठरलेलं आहे, मोट कितीही मोठी लावा.

आता ‘१०,००० ल्युमेन’ असं छापलेला, एकाच सेलचा टॉर्च या हिशेबात बसवून पाहा. त्याला शंभर वॉट लागतील. सेल सहा मिनिटंही टिकणार नाही, आणि खरं तर एवढा प्रवाह तो देणारच नाही. तीन किलोमीटर फोकसचंही तसंच. टॉर्चच्या पल्ल्याची एक जगमान्य व्याख्या आहे. समोर पडणारा उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, येईल ते अंतर म्हणजे पल्ला. त्याचं गणितही सोपं आहे. मीटरमधल्या अंतराचं निम्मं करून त्याचा वर्ग केला की किती कँडेला, म्हणजे झोताची किती तीव्रता, लागेल ते कळतं. शंभर मीटरला अडीच हजार कँडेला पुरतात. तीन किलोमीटरला साडेबावीस लाख लागतील. बाजारातला तो गृहस्थ खोटं बोलत होता असं नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

सेलच्या बाबतीत मात्र फसवणूक राजरोस चालते. बाजारात ९,८०० मिलिअँपिअर-तास असं छापलेले १८६५० सेल मिळतात. या मापाच्या नावाजलेल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास साठा बसतो, ९,८०० तर नाहीच नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. सेल किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. तिशीतच काटा थांबला तर परत करा. काही नकली सेलांच्या पोटात लहानसा सेल आणि बाकी भुकटी भरलेली सापडते, म्हणून वजन हा काही शेवटचा पुरावा नाही, पण पहिला नक्कीच आहे.

ज्यांना लिथियमची कटकट नको त्यांनी पेन्सिल सेलवर चालणारा टॉर्च घ्यावा आणि त्यात पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. प्रकाश कमी मिळेल, पण वेळ पडली तर साधे सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. ट्रेकला जाणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगतो. राजगडावर चार्जर घेऊन काय करणार?

उजेडाच्या रंगाकडेही पाहायला हवं. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. टॉर्च बंद असताना मधोमध दिसणारा पिवळा ठिपका तो हाच. हा निळा दिवा बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या मूळच्या जपानी शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त टॉर्चमध्ये निळसर पांढरा एलईडी असतो, कारण त्यात तेवढ्याच विजेत जास्त ल्युमेन दाखवता येतात. पण त्यात लाल छटा फार कमी. पाचोळ्यावर बसलेली घोणस तपकिरी, पाचोळाही तपकिरी, आणि निळ्या उजेडात दोन्ही राखाडी. खोक्यावर ४,००० ते ५,००० केल्विन, म्हणजे कमी निळसर उजेड, लिहिलेला टॉर्च मिळाला तर थोडे ल्युमेन सोडून तो घ्यावा. बांधावर चालणाऱ्याला रंग ओळखू येणं जास्त कामाचं.

स्वतः टॉर्च बनवण्याची खाज मलाही सुटली होती. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सामान मिळतं. एक खरा १८६५० सेल, टीपी ४०५६ नावाचा चार्जिंग बोर्ड (संरक्षणाची चिप असलेलाच मागा), अॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला तीन वॉटचा एलईडी, रिफ्लेक्टर आणि स्विच. एलईडीला प्रवाह मर्यादित ठेवणारा ड्रायव्हर लागतो. एएमसी ७१३५ नावाची चिमुकली चिप ३५० मिलिअँपिअर देते, अशा दोन जोडल्या की ७०० होतात, आणि २,६०० चा सेल साडेतीन तास सहज पुरतो. चार्जिंग मोबाइलच्या चार्जरने होतं, म्हणजे २३० व्होल्ट हातापासून लांब. माझा खर्च पाचशेच्या आसपास गेला.

पहिला टॉर्च मी पाण्याच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवला आणि अभिमानाने मामांना दाखवला. पाच मिनिटांत उजेड उतरला. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णता होते आणि प्लॅस्टिक ती बाहेर जाऊ देत नाही. दुसऱ्या वेळी भंगारातल्या अॅल्युमिनियमच्या जुन्या टॉर्चचं कवच वापरलं. सोल्डरिंग येत नसेल तर या फंदात पडू नका, आणि लिथियम सेलला थेट डाग तर अजिबात देऊ नका. स्प्रिंगचा होल्डर वापरा. लॅपटॉपमधून काढलेला सेल दोन व्होल्टच्या खाली गेलेला दिसला तर त्याला जिवंत करायचा मोह टाळा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर टॉर्च क्वचितच दिव्यामुळे मरतो. तो मरतो स्विचमुळे, पाण्यामुळे आणि गंजलेल्या टोकांमुळे. मागेपुढे सरकवून फोकस करायचे टॉर्च मला आवडत नाहीत, त्या सरकत्या भागातूनच पाणी शिरतं. झाकणाच्या आट्यांवर रबरी कडं हवं आणि त्याला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. उजेड थरथरायला लागला की सेलची टोकं खोडरबराने घासा, निम्मे ‘बिघडलेले’ टॉर्च तेवढ्यावर बरे होतात. साधे सेल टाकून टॉर्च महिनोन्‌महिने ठेवू नका. सेल पाझरला की स्प्रिंग खाऊन टाकतो. लिथियम सेल मात्र अर्धा चार्ज करून ठेवला तर कपाटात खुशाल राहतो.

दुकानात एक चाचणी जरूर करा. टॉर्च पूर्ण उजेडावर लावून दहा मिनिटं गप्पा मारत उभे राहा. अंग कोमट झालं आणि उजेड थोडा कमी झाला तर ठीक. अंग गार आणि उजेड अर्ध्यावर आला असेल तर उष्णता आतच अडकते आहे किंवा सेल पोकळ आहे. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

आणि मेलेला लिथियम सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.