नव्याचे नऊ दिवस

मराठीत एक म्हण आहे : नव्याचे नऊ दिवस. घरात नवी वस्तू आली, की काही दिवस तिचे फार कौतुक होते. मग ती हळूहळू कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर धूळ बसते.

उर्दूत ज्याला आपण शौक म्हणतो, त्यासाठी मराठीत हौस आणि छंद असे दोन शब्द वापरतात. शौक हा शब्दही मराठीत चालतो. पण हौस आणि छंद यांत फरक आहे. हौस भागते, छंद जडतो. भागली की हौस संपली. छंद मात्र वर्षानुवर्षे सोबत करतो. मग हौसेचा छंद कसा होतो? आजच्या काळातील एका उदाहरणावरून हे पाहू या.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेजवळ आंबी हे गाव आहे. जवळून इंद्रायणी नदी वाहते. एकीकडे भाताची शेते, दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि दूरवर सह्याद्रीच्या रांगा असा हा परिसर आहे. समजा, या गावातील एका घरी कॅमेरा असलेला ड्रोन आला. थोरल्या भावाने वर्षभर पैसे साठवून तो विकत घेतला. पहिल्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली. घरांची छपरे, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस, शाळेचे पटांगण असे सारे वरून पाहून झाले. आठ दिवसांनी पाहणारे कमी झाले. पंधरा दिवसांनी ड्रोन कपाटावर गेला. मग पावसाळा सुरू झाला. दिवाळीच्या सुटीत खोका उघडला, तेव्हा बॅटरी फुगलेली होती. अम्मी म्हणाल्या, "एवढ्या पैशांत घराची गळती तरी थांबली असती!"

अम्मींचे बोलणे खोटे नव्हते. पण दोष ड्रोनचा होता का?

हे यंत्र आहे तरी कसे, ते आधी समजून घेऊ. साध्या ड्रोनला चार पंखे असतात. दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट दिशेने. चारही एकाच दिशेने फिरले असते, तर ड्रोन स्वतःभोवती गरगर फिरला असता. पुढे जायचे असेल, तर मागचे पंखे अधिक वेगाने फिरतात, ड्रोन पुढे झुकतो आणि त्या दिशेने सरकतो. तोल सांभाळण्यासाठी त्यात संवेदक असतात. आपण कुठे आहोत, हे तो उपग्रहांच्या संकेतांवरून ओळखतो. एवढे सगळे काम यंत्रच करते. म्हणून ड्रोन उडवणे पहिल्याच दिवशी जमते आणि म्हणूनच त्याचा कंटाळाही लवकर येतो. जे सहज जमते, त्यात मन फार काळ रमत नाही.

मन रमवायचे असेल, तर ड्रोनला काम द्यावे लागते. काम म्हणजे एखादा प्रश्न, ज्याचे उत्तर वरूनच मिळेल.

याचे एक मजेदार उदाहरण जर्मनीत घडले. तेथे युलिउस नॉयब्रोनर नावाचे औषधविक्रेते होते. ते औषधे पोहोचवण्यासाठी कबुतरे पाळत. एकदा त्यांचे एक कबुतर हरवले आणि बऱ्याच दिवसांनी धष्टपुष्ट होऊन परत आले. इतके दिवस हे होते कुठे, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी हलका कॅमेरा तयार करून तो कबुतराच्या छातीवर बांधला. ठरावीक वेळाने कॅमेरा आपोआप छायाचित्र काढी. 1908 मध्ये त्यांना या युक्तीचे पेटंट मिळाले. एका प्रश्नाने त्यांच्या कबुतरांच्या छंदाला पंख दिले!

असे प्रश्न आंबीच्या परिसरातही पुष्कळ आहेत. मावळ तालुका भातासाठी प्रसिद्ध आहे. 'इंद्रायणी' नावाचा सुवासिक भात तुम्ही खाल्ला असेल. हे वाण वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून 1987 मध्ये पुढे आले. या भाताचे एखादे खाचर निवडा. शेतकऱ्याची परवानगी घ्या. दर महिन्याला त्याच जागेवरून आणि त्याच उंचीवरून त्याचे एकच छायाचित्र काढा. जुलैत पाणी साचलेले खाचर आरशासारखे चमकते. सप्टेंबरात ते हिरवेगार होते. नोव्हेंबरच्या सुमारास कापणी होते आणि एप्रिलमध्ये तेथे तपकिरी माती दिसते. एकेक छायाचित्र साधेच असेल. पण बारा छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवा. वर्ष कसे सरकते, ते डोळ्यांना दिसेल. दहावे छायाचित्र काढल्यावर अकराव्याची ओढ आपोआप लागते. छंद जडतो, तो असा.

शेताचा मालक ती चित्रे पाहून म्हणेल, "या कोपऱ्यातले पीक पिवळे का दिसते?" बांधावरून न दिसलेली गोष्ट वरून दिसली. आता ड्रोन केवळ खेळणे राहिला नाही. पुणे जिल्ह्यातच पुरंदर तालुक्यात सोनोरी हे गाव आहे. तेथील गावठाणाची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने झाली. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी 'स्वामित्व' योजना सुरू झाली. ड्रोनने मोजणी करून गावातील घरमालकांना मालमत्तेची कागदपत्रे देणे, हे या योजनेचे काम. हौसेने हाताळलेले यंत्र एक दिवस रोजगारही देऊ शकते.

छंद मोडण्याचे दुसरे कारण म्हणजे पावसाळा. लोणावळा आणि मावळात जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो धो पाऊस पडतो. साध्या ड्रोनमध्ये पाणी गेले, तर तो बिघडतो. म्हणून उघडीप मिळेल तेव्हाच, वारा पाहून, तो बाहेर काढावा. एरवी हे महिने घरच्या कामाचे समजावेत. जुनी छायाचित्रे तारखेनुसार लावावीत. पंखे पुसावेत आणि त्यांना चीर गेली आहे का, ते पाहावे. बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. ती निम्मी भरलेली असावी आणि कोरड्या, थंड जागी ठेवावी. अधूनमधून ती तपासावी. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये, कारण तिला आग लागू शकते. एवढे केले असते, तर अम्मींना रागावण्याची वेळ आली नसती.

तिसरे कारण म्हणजे भीती. ड्रोन एकदा पडला, की हात कापू लागतात. अशा वेळी उंच भरारी घेऊ नये. मोकळ्या मैदानात, डोक्याएवढ्या उंचीवर, आठच्या आकड्यात ड्रोन फिरवण्याचा सराव करावा. विजेच्या तारा आणि लोखंडी पत्र्याच्या शेडपासून दूर राहावे, कारण लोखंडामुळे ड्रोनमधील होकायंत्र चुकते. घार जवळ घिरट्या घालू लागली, तर ड्रोन खाली उतरवावा. आकाश आधी तिचे आहे.

चौथी गोष्ट नियमांची. नियम मोडून केलेला छंद एक दिवस पोलीस ठाण्यात नेतो. भारतात ऑगस्ट 2021 मध्ये ड्रोनचे नियम लागू झाले. सप्टेंबर 2021 मध्ये सरकारने आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग आहेत. हिरव्या भागात साधारणपणे 120 मीटर, म्हणजे 400 फुटांपर्यंत उडवता येते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. लोणावळ्यात नौदलाचे 'आयएनएस शिवाजी' हे प्रशिक्षण केंद्र आहे. देहूरोडला लष्करी छावणी आहे. लोहगड हा संरक्षित किल्ला आहे. म्हणून मावळात ड्रोन उडवण्याआधी दर वेळी नकाशा पाहावा. मुलांनी तो मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच उडवावा. कोणाच्या गच्चीवर किंवा अंगणात डोकावू नये. भिंतीवरून डोकावणे जसे वाईट, तसेच आकाशातून डोकावणेही वाईट.

परवानगी नसेल, तेथे काय करावे? पायांनी चढावे! लोहगडाची लांब सोंड विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून तिला विंचूकाटा म्हणतात. शेजारचा विसापूर किल्ला लोहगडाहून उंच आहे. तेथून लोहगड छान दिसतो. डोळ्यांना वरून पाहण्याची सवय लागली, की ड्रोन नसला तरी छंद चालू राहतो.

शेवटी एक साधी युक्ती. एक वही करा. दर वेळी तारीख, वेळ, जागा, वारा आणि आज काय नवीन शिकलो, ते एका ओळीत लिहा. ज्या दिवशी शेवटचा रकाना कोराच राहील, त्या दिवशी समजा, की ड्रोनला नवा प्रश्न देण्याची वेळ आली आहे.

हे केवळ ड्रोनला लागू नाही. चित्रकला असो, बागकाम असो, की मराठी भाषा शिकणे असो, नऊ दिवस सर्वांनाच उत्साह असतो. दहाव्या दिवशी जो काहीतरी नवे विचारतो, त्याचाच छंद टिकतो.

स्वाध्याय

1. 'हौस भागते, छंद जडतो' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
2. नॉयब्रोनर यांनी कबुतराला कॅमेरा का बांधला?
3. पावसाळ्यात ड्रोनची काळजी कशी घ्यावी?
4. तुमच्या गावातील अशी एक जागा निवडा, जी वर्षभर बदलत राहते. त्या बदलांविषयी आठ ओळी लिहा.