नोंदींची नोंद कोण ठेवतं?

धायरीतल्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन पाहायचा, तर आधी जिल्हा पुणे, तालुका हवेली, गाव धायरी अशी निवड करावी लागते. सर्व्हे नंबर त्यानंतर. कारण एकच नंबर अनेक गावांत असतो. शिवाय गावात कोणकोणते नंबर आहेत, त्यांचं क्षेत्र आणि आकारणी किती, याची यादी गाव नमुना एकमध्ये, म्हणजे आकारबंदात असते.

डेटाबेसलाही असा आकारबंद लागतो. त्याला कॅटलॉग म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत 'पीजी_क्लास' नावाच्या तक्त्यात प्रत्येक तक्त्याची एक ओळ असते, खुद्द 'पीजी_क्लास'चीही! ही यादीसुद्धा साध्या तक्त्यांसारखीच असावी आणि त्याच भाषेत वाचता यावी, असा नियम संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1985 मध्ये मांडला. मग यादीच कुठे आहे हे कसं कळणार? त्यासाठी पोस्टग्रेस ठरलेल्या जागी एक छोटी नकाशा-फाइल ठेवतं. एसक्यूलाइट या दुसऱ्या प्रणालीची यादी तर फाइलच्या पहिल्या पानापासूनच सुरू होते.

नवा तक्ता केला, की यादीत ओळ चढते. पण लगेच पक्की होत नाही. जुन्या तलाठी दप्तरात फेरफाराची नोंद सातबारावर आधी पेन्सिलने होई. मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली, की शाई चढे. पोस्टग्रेसमध्ये 'कमिट' म्हणजे ही शाई. तोवर नवा तक्ता इतरांना दिसत नाही, आणि काम मध्येच फसलं तर नोंद रद्द होते.

एसक्यूलाइटमध्ये चालू कामाला दुसरी डेटाबेस फाइल जोडताही येते; एरवी अशा दहापर्यंत. जोडलेल्या फाइलची यादी मुख्य फाइलमध्ये मिसळत नाही. प्रत्येक फाइल आपली यादी स्वतःजवळ ठेवते. कोणती फाइल कोणत्या नावाने जोडली, एवढंच एसक्यूलाइट चालू जोडणीपुरतं लक्षात ठेवतं. दोन्हीकडे एकाच नावाचा तक्ता असला, तर गावाचं नाव लावावं तसं जोडताना फाइलला दिलेलं नाव आधी लावायचं. जोडलेल्या गावाचंही असंच होतं: 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 11 गावांत धायरी होती. कारभार पालिकेकडे गेला, तरी सातबारावर गाव धायरीच राहिलं.

यादीतली ओळ पुसली गेली, तर तक्त्यातली माहिती डिस्कवर असूनही सापडत नाही. शेत जागच्या जागी असतं. नोंद गेली, की मालकाला ते आपलं म्हणून दाखवणं अवघड होतं. म्हणून माहितीइतकंच तिच्या यादीलाही जपायला हवं.