दोन दिवसांत गुण देणारी पुडी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळच्या ओपीडीत एका आजींना त्यांच्या सुनेने धरून आणलं. चार दिवस उलट्या, अंगात त्राण नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब फारच खाली आलेला. चेहरा मात्र गोल, सुजल्यासारखा आणि हातांवर जांभळे डाग.

'आजी, कसलं औषध चालू होतं?'

'औषध न्हाई वो डॉक्टर. गुडघ्याची पुडी व्हती, झाडपाल्याची.'

सुनेने पिशवीतून एक रिकामी प्लास्टिकची डबी काढली. तिच्यावर एक अक्षरही छापलेलं नव्हतं. आठवडी बाजारात भोंगा लावून विकणाऱ्याकडून घेतलेली ती भुकटी आजी आठ महिने घेत होत्या. दोनच दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली. पुढे विकणारा यायचा बंद झाला, डबी संपली आणि आठवड्याभरात आजींनी अंथरूण धरलं. रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, तर ते जवळजवळ नव्हतंच. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी आजी उठून बसल्या.

झाडपाल्याच्या नावाखाली आजींच्या पोटात स्टेरॉईड जात होतं. स्टेरॉईड हे वाईट औषध नव्हे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. या कामासाठी १९५० साली हेंच आणि आणखी दोन संशोधकांना नोबेल मिळालं. पण दीर्घकाळ घेतल्यावर होणारे दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. म्हणून आम्ही ते मोजून-मापून, ठरावीक दिवस देतो. पुडीवाला मात्र त्यातला फक्त 'चमत्कार' विकतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून स्टेरॉईड येत राहिलं की या ग्रंथींचं काम मंदावतं, त्या जणू झोपी जातात. मग पुडी एकदम बंद झाली तर शरीराला ना बाहेरचं मिळतं, ना घरचं. आजींचं तेच झालं. शिवाय पुडी चालू असताना रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, जंतुसंसर्ग बळावतो.

अशी फसवणूक ओळखायची कशी? खरं आयुर्वेदिक औषध असलं तरी त्याच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली असावीच लागते. हे नसेल तर ते घेऊ नका. गुडघेदुखी, मधुमेह आणि मूळव्याध या सगळ्यांवर एकच पुडी चालत असेल, तर ती कशावरच औषध नाही. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत गेलं, तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. 'डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा' किंवा 'डॉक्टरांना सांगू नका' असं कोणी म्हटलं, की तिथून उठा. पावती मागा, ती देत नसेल तर उत्तर मिळालंच.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार संधिवात, मधुमेह, कर्करोग, पक्षाघात अशा अनेक आजारांवर हमखास उपचाराची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. मग ती भिंतीवर असो, नाहीतर मोबाइलवर. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. उरलेलं औषध आणि डबी फेकू नका, तोच पुरावा असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं : अशी पुडी तुम्ही काही आठवडे घेत असाल, तर हे वाचून घाबरून आजच ती बंद करू नका. डबी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. गरज पडली तर ठरलेल्या मात्रेत औषध देऊन ती हळूहळू उतरवावी लागते.

आजींना घरी सोडताना मी विचारलं, 'इथे का नाही आलात आधी?' त्या म्हणाल्या, 'आले व्हते की. तुमी कागदावर लिवलं, वर बघितलं बी न्हाई. त्यो बाबा माज्यापाशी बसून ऐकत व्हता.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या रांगा लांब असतात, एका पेशंटला दोन-तीन मिनिटंच मिळतात, हे खरं. पण जिथे आम्ही ऐकत नाही, तिथेच पुडीवाल्याचं दुकान चालतं, हेही तितकंच खरं. तेव्हा तुम्ही डबी लपवू नका. दाखवलीत तर रागावणार नाही, हे मी माझ्यापुरतं कबूल करतो.