घामाची दुर्गंधि आणि घरांतील तुरटी

ज्या विषयाचा उच्चार चारचौघांत करणें आपल्याकडे असभ्यपणाचें समजतात, त्याबद्दल आज आम्ही लिहिणार आहों. घरांत ताप-खोकल्याची चर्चा होते, अपचनाची तर जेवतांनाहि होते. परंतु काखेंतील घामाला वास येतो असें मुलीनें आईला सांगणें, किंवा आईनें मुलाला सांगणें, हें अजूनहि अवघड जातें. या संकोचापायीं आमच्याच घरीं गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं जें घडलें तें सांगितल्यावांचून पुढील माहितीचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत येणार नाहीं.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. धाकट्या बंधूंची मुलगी तेव्हां नववींत होती. खो-खोच्या संघांत ती खेळे व संध्याकाळचा सराव एक दिवस चुकवीत नसे. एकाएकीं तिनें जाणें सोडलें. विचारलें तर अभ्यासाचें निमित्त. जेवावयास ती कडेला बसूं लागली; वाढतांना कोपर अंगाशीं घट्ट धरी. पंधरा दिवसांनीं तिच्या आजीनें तिला न्हाणीघरांत रडतांना पाहिलें, तेव्हां उलगडा झाला. संघांतील कोणा मुलीनें तिच्याकडे पाहून नाक दाबून दाखविलें होतें. आणि हिनें कोणास न विचारतां लिंबाचा रस व खाण्याचा सोडा एकत्र कालवून आठ दिवस काखेंत चोळला होता. कातडी लाल होऊन सोलवटली होती. "आजी, तूं कोणाला सांगूं नको," एवढेंच ती म्हणाली. आजीनें तिला तडक डॉक्टरांकडे नेलें व गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांपुरती ठेवली. (येथें ती लिहिण्यास मुलीची संमति आम्ही मागून घेतली आहे.)

प्रथम हा वास कोठून येतो तें पाहूं. ताजा घाम जवळजवळ निर्गंध असतो. आपल्या त्वचेंत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथि आहेत. त्यांतील बहुतेकांतून येणारा घाम म्हणजे पाणी व थोडें मीठ, आणि त्याचें काम अंग थंड राखणें हें. परंतु काखेंत व जांघेंत निराळ्या जातीच्या ग्रंथि असतात. त्या वयांत येतांना जाग्या होतात आणि त्यांच्या स्रावांत स्निग्ध व प्रथिनयुक्त द्रव्यें असतात. कातडीवर कायम वस्तीस असलेले जंतु तीं द्रव्यें फोडतात, आणि त्या फोडण्यांतून वास उत्पन्न होतो. म्हणजे वास घामाचा नव्हे, जंतूंच्या भोजनाचा. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला "अंघोळ करतोस कीं नाहीं?" असें विचारणारे वडील म्हणूनच अन्याय करीत असतात. यांत वंशाचाहि भाग आहे. जपान, कोरिया व चीन या देशांतील पुष्कळ लोकांच्या काखेस वास जवळजवळ येतच नाहीं, व त्यांच्या कानांतील मळहि कोरडा असतो. या कोरड्या मळाचें मूळ एकाच जनुकांतील फरकांत आहे असें जपानी संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें, आणि काखेच्या वासाशींहि त्याच जनुकाचा संबंध आहे. तेव्हां ज्याला वास येतो तो घाणेरडा, हा हिशेब मुळांतच चुकीचा आहे.

आतां त्या लिंबू-सोड्याविषयीं. निरोगी त्वचा किंचित् आम्ल असते व त्या आम्लतेवरच तिचें आरोग्य अवलंबून असतें. सोडा अल्कधर्मी. तो रोज चोळल्यास नाजूक जागीं आग होणें साहजिक आहे. लिंबाचा रस उलट फारच आम्ल. शिवाय तो लागलेल्या कातडीवर ऊन पडलें तर भाजल्यासारखे डाग उठूं शकतात. दोन्ही एकत्र केलीं कीं फेंस येतो तो पाहून मोठें गुणकारी रसायन झालें असें वाटतें, परंतु फेंस येणें म्हणजे दोघांनीं एकमेकांचा गुण मारणें! स्वयंपाकघरांतील वस्तु म्हणून ती निरुपद्रवी, ही समजूत आमच्या घरानें एका मुलीच्या कातडीवर पारखून घेतली.

सुगंधाची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत 'गंधयुक्ति' नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे व त्यांत नागरमोथा, वाळा या आपल्या उटण्यांतल्याच वस्तु येतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत 'गंधसार' व 'गंधवाद' या दोन ग्रंथांची हस्तलिखितें अभ्यासकांपुढें आणलीं. त्यांतील गंधवादावर मराठी टीका आहे, ही गोष्ट आपणां मराठी वाचकांस तरी ठाऊक असावी. बाजारी डब्यांचा इतिहास त्यामानानें काल-परवाचा. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें १८८८ सालीं 'मम' नांवाचें मलम निघालें, आणि १९१९ सालीं 'लेडीज होम जर्नल' या मासिकांत 'ओडोरोनो' नामक औषधाची अशी जाहिरात आली कीं, तुमचा वास तुम्हांला कळत नाहीं, पण इतरांस कळतो. सुमारें दोनशें वर्गणीदार स्त्रियांनीं रागावून मासिक बंद केलें. माल मात्र भरपूर खपला. लाजेवर व्यापार चालतो हें तेव्हांपासून सिद्ध आहे. आम्हांला त्या दोनशें स्त्रियांचें कौतुक वाटतें, तथापि न्हाणीघरांत रडणाऱ्या मुलीस तें ऐकवून भागत नाहीं. तिला कांहीं तरी हातीं द्यावें लागतें.

तें द्यावयाचें औषध घरांतच होतें. तिच्या आजोबांच्या दाढीच्या पेटींत तुरटीचा खडा कित्येक वर्षें आहे. पावसाळ्यांतील गढूळ पाणी निवळणारी हीच तुरटी. ती स्तंभक आहे; तिच्या योगानें कातडी किंचित् आंखडते, जंतूंची वाढ मंदावते. घाम मात्र ती फारसा थांबवीत नाहीं, आणि थांबवूंहि नये. चहाचा एक सपाट चमचा तुरटीची पूड अर्धा पेला उकळून कोमट केलेल्या पाण्यांत विरघळवावी, फडक्यांतून गाळून कांचेच्या स्वच्छ बाटलींत भरावी. पितळ, तांबें, लोखंड किंवा ॲल्युमिनियमचें भांडें वापरूं नये, कारण हें पाणी आम्ल असून धातूस खातें. स्नानानंतर काख पूर्ण कोरडी करून कापसाच्या बोळ्यानें लावावें व वाळूं द्यावें, मगच कपडा घालावा. केस काढले असतील त्या दिवशीं लावूं नये. पाणी दर आठवड्यास नवें करावें. यांत टिकाऊपणासाठीं कांहीं घातलेलें नसतें. पहिल्या खेपेस कोपराच्या आंतील बाजूस थेंब लावून एक दिवस वाट पाहावी.

येथें एक खुलासा. ॲल्युमिनियमला भिऊन तुरटीकडे वळणारे पुष्कळ भेटतात. तुरटी हाच मुळीं ॲल्युमिनियमचा क्षार आहे! बाजारच्या घामरोधक औषधांनीं स्तनाचा कर्करोग होतो या भीतीस आजवरच्या संशोधनांत खात्रीलायक आधार मिळालेला नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारून मगच अशा वस्तु वापराव्या.

ज्यांना कोरडें बरें वाटतें त्यांनीं चार चमचे आरारूट, एक चमचा वाळा व नागरमोथ्याची वस्त्रगाळ पूड आणि पाव चमचा तुरटीची पूड असें मिश्रण करावें. पूड अगदीं वस्त्रगाळच हवी, नाहींतर कातडी घासली जाते; आणि पाळण्याजवळ ही डबी उघडूं नये, धूळ तान्ह्याच्या छातींत जाते. खोबरेल तेलाचें मलमहि करतात. खोबरेल पंचवीस अंशांच्या आसपास वितळतें, म्हणून तीन भाग तेलास एक भाग मधमाश्यांचें मेण घालून तें वाफेवर वितळवावें लागतें. आमच्या वहिनींनीं करून पाहिलें. वास चांगला, पण दोन नव्या पोलक्यांच्या बगलांना तेलकट डाग पडले ते अद्याप गेले नाहींत. आमचें मत तुरटीच्या पाण्यालाच.

कपड्यांकडे मात्र कोणी पाहत नाहीं. सुती कापडापेक्षां पॉलिएस्टर हा वास अधिक धरून ठेवतें, आणि शाळेचे गणवेश व खेळाचे सदरे बहुधा त्याचेच असतात. स्वच्छ अंगावर कालचा सदरा चढविला तर बाटली काय करणार? बगलेच्या जागीं साबण लावून हातानें चोळावें, कपडा उलटा करून उन्हांत वाळवावा. वास एकाएकीं बदलला, काखेंत वारंवार दुखऱ्या गांठी आल्या, रात्रीं अंथरूण भिजेपर्यंत घाम येऊं लागला, किंवा मुलीस आठ व मुलास नऊ वर्षांच्या आंतच असा वास येऊं लागला, तर घरगुती उपायांत दिवस न दवडतां डॉक्टरांस दाखवावें.

पुतणीची कातडी पूर्ण बरी होण्यास महिना लागला. त्यानंतर तिनें स्वतःच्या हातानें तुरटीचें पाणी केलें, बाटलीवर तारीख लिहिली व ती कपाटांत कपड्यांमागें लपवून ठेवली. दुसऱ्या आठवड्यास ती बाटली न्हाणीघरांतल्या फळीवर उघड्यावर दिसली, शेजारीं आणखी दोन. एक तिच्या धाकट्या भावाची. दुसरी कोणाची म्हणून विचारलें, तर आजोबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून म्हणाले, "माझीच तुरटी आणि मलाच विचारतां?" खो-खोच्या सरावाहून ती हल्लीं सातच्या आंत परतत नाहीं.