गुणसूत्रांची तपासणी कधी करायची?

‘रक्ताचा कर्करोग आहे हे तर कळलं, मग आता ही आणखी एक महागडी तपासणी कशाला?’ अस्थिमज्जेचा नमुना घेताना नातेवाईक हमखास विचारतात. खर्चाची चिंता खरी आहे. पण कोणते औषध द्यायचे, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करायचा का, हे पुष्कळदा याच तपासणीवरून ठरते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचेच पाहा. या रुग्णांच्या रोगी पेशींत एक आखूड गुणसूत्र असते, हे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये दाखवले. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये शोधले. या अदलाबदलीतून निर्माण होणाऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या इमॅटिनिबच्या गोळीला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या आजाराचे चित्रच पालटले.

तीव्र ल्युकेमियात नमुना केमोथेरपीआधीच घ्यायला हवा. उपचार सुरू झाले की रोगी पेशी घटतात, मूळ बिघाड सापडेनासा होतो. शिवाय सगळी गुणसूत्रे पाहायची तर जिवंत, विभाजन होणाऱ्या पेशी लागतात. त्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत असल्याने अहवालाला वेळ लागतो. ठरावीक बदल शोधणारी ‘फिश’ तपासणी (माशाशी संबंध नाही!) त्यापेक्षा लवकर होते. मायलोमात पेशी संथ वाढतात, तिथे फिशच अधिक उपयोगी.

मात्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा संशय असेल, तर अहवालासाठी थांबणे धोक्याचे. यात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नमुना पाठवून औषध लगेच सुरू करतात.

उलट, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात अनेकांना सुरुवातीला उपचारच लागत नाहीत. तिथे १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का, हे उपचार सुरू करण्यापूर्वी आणि पुढे आजार उलटल्यास पुन्हा पाहतात. तसे असेल तर नेहमीची केमोथेरपी फारशी लागू पडत नाही.

गाठींच्या कर्करोगात सगळी गुणसूत्रे तपासण्याची गरज क्वचितच पडते. स्तनाच्या गाठीत ‘हर-टू’चा अहवाल अनिश्चित आला, किंवा मुलांच्या हाडातील गाठ युइंग सार्कोमाची वाटली, की तेवढाच बदल शोधतात. त्यासाठी बायोप्सीचा मेणातला ठोकळा चालतो.

हे बदल बहुतेक वेळा फक्त रोगी पेशींतच असतात, त्यामुळे ते मुलाबाळांत उतरत नाहीत. पहिला अहवाल मात्र जपून ठेवा. आजार उलटला तर डॉक्टर तोच आधी मागतील.